लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला, पण पडद्यावर धड दिसत नाही: काय तपासायचे, कोणत्या क्रमाने

वर्ग, सभागृहे आणि मीटिंगच्या खोल्यांमधले प्रोजेक्टर चालते ठेवणे हे माझे काम. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: लॅपटॉप लावलाय, केबल लावलीय, पण पडद्यावर काही येत नाही, किंवा येते ते बघवत नाही. दोष बहुधा किरकोळ असतो, अवघड होतो तो घाईमुळे. समोर माणसे बसलेली असतात, बोलणारा ताटकळत उभा असतो, एकजण केबल हलवतो, दुसरा रिमोट दाबतो, तिसरा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरतो. मग चित्र आलेच तरी कशाने आले ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून दोन नियम आधीच सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर दहा सेकंद थांबा. प्रोजेक्टरला नवा सिग्नल ओळखून चित्र स्थिर करायला काही सेकंद लागतात. 'नाही आले' म्हणून दुसऱ्याच सेकंदाला केबल उपसली, तर येऊ घातलेले चित्रही आपणच तोडतो.

आधी लक्षण नीट बघा

'चालत नाही' एवढ्यावर काही ठरत नाही. पडद्यावर नेमके काय आहे ते बघा, निम्मे निदान तिथेच होते.

- पडदा निळा किंवा काळा आणि त्यावर 'नो सिग्नल': प्रोजेक्टर ठीक चालू आहे, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. चुकीचा सोर्स, केबल, अडॅप्टर किंवा लॅपटॉपचे आउटपुट.
- पडदा पूर्ण काळा, कसलाही संदेश नाही: रिमोटवरून बंद झालेले चित्र, लेन्सचे झाकण, किंवा दिवा.
- लॅपटॉपचा वॉलपेपर दिसतो, पण आयकॉन नाहीत, उघडलेली फाइल नाही: बिघाड काहीच नाही. लॅपटॉप 'एक्स्टेंड'वर आहे, म्हणजे प्रोजेक्टरला तो आपल्या पडद्याचा पुढचा तुकडा समजतो.
- चित्र येते, पण कडा कापलेल्या, बाजूला काळे पट्टे किंवा अक्षरे पुसट: रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचे आहे ते.
- 'आउट ऑफ रेंज' किंवा 'नॉट सपोर्टेड': लॅपटॉप जे पाठवतोय ते प्रोजेक्टरच्या कुवतीबाहेरचे आहे.
- सगळे गुलाबी, पिवळे किंवा निळसर-हिरवे: व्हीजीए (टोकाला दोन स्क्रू असलेली जुनी) केबल असेल तर बहुतेक तीच.
- चित्र येते-जाते, मध्येच चमकते, बारीक ठिपके उडतात: सैल किंवा फार लांब केबल.
- बाकी सगळे दिसते, फक्त व्हिडिओच्या जागी काळा चौकोन: कॉपी-संरक्षण.
- चित्र उलटे किंवा आरशातल्यासारखे: प्रोजेक्टरच्या मेनूत छताला टांगलेला किंवा पडद्यामागे ठेवलेला अशी जागा निवडलेली आहे. ती बदलली की झाले.

दोष कोणत्या बाजूला आहे ते ठरवा

ही तपासणी जवळजवळ कोणीच करत नाही आणि सगळ्यात जास्त वेळ हीच वाचवते. प्रोजेक्टरच्या रिमोटवरचे 'मेनू' बटण दाबा. पडद्यावर येणारा मेनू प्रोजेक्टर स्वतः तयार करतो, त्याचा लॅपटॉपशी किंवा केबलशी संबंध नसतो.

मेनू स्वच्छ, उजळ आणि योग्य रंगात दिसला तर प्रोजेक्टरचा दिवा, लेन्स आणि चित्र तयार करणारा भाग ठणठणीत आहेत. दोष त्याच्या अलीकडे आहे: प्रोजेक्टरचे सॉकेट, केबल, अडॅप्टर किंवा लॅपटॉप. मेनूसुद्धा गुलाबी, अंधुक, डागाळलेला किंवा पुसट असेल तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये कितीही शोधा, हाती काही लागणार नाही. फक्त पुसटपणा असेल तर लेन्सभोवतीची फोकसची कडी फिरवून बघा. बाकी सगळ्यासाठी थेट शेवटच्या भागाकडे जा.

दुसरा लॅपटॉप जवळ असेल तर उरलेले कामही लगेच होते. तीच केबल त्याला लावा. चित्र आले तर केबल आणि प्रोजेक्टर दोन्ही सुटले, पहिल्या लॅपटॉपकडे बघायचे. नाही आले तर पहिला लॅपटॉप त्याच केबलने एखाद्या टीव्हीला किंवा मॉनिटरला लावून बघा. तिथेही चित्र नसेल तर केबल संशयित. तिथे आले तर प्रोजेक्टरचे सॉकेट बदला, बऱ्याच प्रोजेक्टरला एचडीएमआयची (टीव्हीला लागते त्या चपट्या टोकाच्या केबलची) दोन सॉकेट असतात. एवढे झाले की अंदाज संपतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

प्रोजेक्टरवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून केबल ज्या सॉकेटमध्ये आहे तेच निवडा. 'ऑटो सर्च' असला तरी त्याच्यावर विसंबू नका. एचडीएमआय १ आणि एचडीएमआय २ शेजारी असतात, आणि छताला टांगलेल्या प्रोजेक्टरची केबल नेमकी कुठे लावली आहे हे खालून दिसत नाही. दोन्ही निवडून बघा.

मग रिमोटवरची दोन बटणे आठवा: 'एव्ही म्यूट' (काहींवर 'ब्लँक') आणि 'फ्रीझ'. पहिल्याने चित्र आणि आवाज दोन्ही बंद होतात, प्रोजेक्टर मात्र चालूच राहतो. रिमोट खिशात किंवा वहीखाली दाबला गेला की हे नकळत होते. दुसऱ्याने पडद्यावरचे चित्र गोठते: लॅपटॉपवर स्लाइड पुढे सरकतात, पडद्यावर पहिलीच राहते. लोक याला लॅपटॉप हँग झाला म्हणतात. तेच बटण पुन्हा दाबले की सुटते. काही प्रोजेक्टरना लेन्ससमोर सरकणारे झाकण असते आणि ते अर्धवट सरकले तरी चित्र बंद होते, तेही बघून घ्या.

आता लॅपटॉप. विंडोजमध्ये विंडोजचे बटण धरून पी दाबा. चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉपचा पडदा, 'डुप्लिकेट', 'एक्स्टेंड' आणि फक्त दुसरा पडदा. मागच्या वेळी कोणी पहिला निवडला असेल तर केबल कितीही चांगली असो, प्रोजेक्टरकडे काहीच जात नाही. चटकन काम हवे तर 'डुप्लिकेट' घ्या, दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येते. 'फक्त दुसरा पडदा' निवडल्यावर लॅपटॉप काळा झाला तर घाबरू नका, केबल काढली की चित्र लॅपटॉपवर परत येते. मॅकवर डिस्प्ले सेटिंग उघडून ऑप्शनचे बटण दाबून धरा, 'डिटेक्ट डिस्प्लेज' दिसू लागते. तिथेच मिररिंगही (विंडोजच्या 'डुप्लिकेट'सारखे) चालू करता येते.

यानेही नाही झाले तर केबल दोन्ही टोकांना पूर्ण काढा आणि पुन्हा शेवटपर्यंत खोचा. हा टोटका नाही, याला कारण आहे. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी एकीचे काम 'पलीकडे कोणीतरी आहे' एवढेच सांगणे. ती खूण मिळाली की लॅपटॉप प्रोजेक्टरचे ओळखपत्र वाचतो. ईडीआयडी नावाच्या त्या छोट्या माहितीत प्रोजेक्टर कोणकोणती रिझोल्यूशन दाखवू शकतो ते लिहिलेले असते, आणि लॅपटॉप त्यावरून काय पाठवायचे ते ठरवतो. हे वाचन अर्धवट झाले की चित्र येत नाही किंवा भलत्याच आकारात येते. केबल काढून लावली की वाचन नव्याने होते. तेवढ्यानेही जमले नाही तर आधी प्रोजेक्टर चालू करा, त्याचा पडदा उजळू द्या, मग केबल लावा आणि लॅपटॉप सगळ्यात शेवटी रिस्टार्ट करा. या क्रमात लॅपटॉप सुरू होतो तेव्हा ओळखपत्र द्यायला प्रोजेक्टर जागा असतो. जुन्या व्हीजीए जोडणीत याचा गुण हमखास येतो.

विंडोजचे अजून एक बटण माहीत असू द्या: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि डिस्प्लेचा ड्रायव्हर (चित्राचा भाग चालवणारा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो. उघडलेल्या फाइल बंद होत नाहीत, म्हणून रिस्टार्टच्या आधी हे करून बघावे.

वॉलपेपर दिसतो, स्लाइड दिसत नाही

'एक्स्टेंड'मध्ये प्रोजेक्टर हा लॅपटॉपच्या पडद्याचा पुढचा तुकडा असतो. आयकॉन आणि खिडक्या पहिल्या तुकड्यावर राहतात, दुसऱ्यावर नुसता वॉलपेपर. विंडोज, शिफ्ट आणि उजवा बाण दाबला की समोरची खिडकी दुसऱ्या पडद्यावर जाते.

पॉवरपॉइंटमध्ये याचाच उलटा प्रकार होतो. टिपणांचा पडदा ('प्रेझेंटर व्ह्यू') प्रेक्षकांना दिसतो आणि स्लाइड लॅपटॉपवर. प्रेझेंटर व्ह्यूमध्येच वर 'डिस्प्ले सेटिंग्ज' असते, त्यातून दोन्हींची अदलाबदल करा. तेवढाही वेळ नसेल तर 'स्लाइड शो' टॅबमध्ये 'यूज प्रेझेंटर व्ह्यू'ची खूण काढा आणि 'डुप्लिकेट'वर जा. माझ्या मते टिपणांची खरी गरज नसेल तर 'डुप्लिकेट'च बरे, बोलणाऱ्याला एक काळजी कमी.

केबल आणि अडॅप्टर

बिनपैशाचे सगळे झाले की थोड्या पैशाचे. इथेच लोक चुकीची वस्तू विकत घेतात, म्हणून सविस्तर लिहितो.

कन्व्हर्टरला दिशा असते. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अॅनालॉग. एकाचे दुसरे करायला आत सर्किट लागते आणि ते एकाच दिशेने चालते. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए असेल तर 'एचडीएमआय ते व्हीजीए' हवा. 'व्हीजीए ते एचडीएमआय' दिसायला तसाच असला आणि टोकांची खाचखळगी जुळवून लावता आला, तरी चित्र येणार नाही. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय या साध्या केबलचेही तसेच: डिस्प्लेपोर्टचे टोक लॅपटॉपकडेच पाहिजे.

यूएसबी-सीच्या छिद्रावरून काही ठरवू नका. काही यूएसबी-सी पोर्ट फक्त चार्जिंग आणि फाइल नेण्यापुरते असतात, त्यांतून चित्र बाहेर पडतच नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टच्या विजेचे चिन्ह असेल तर चित्र मिळते. चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड' शोधा. नसेल तर कोणतीही साधी केबल घेऊन उपयोग नाही. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या यूएसबी-सी केबलमध्ये तर चित्रासाठी लागणाऱ्या तारा बऱ्याचदा नसतातच. साध्या यूएसबीतून चित्र काढणारे डिस्प्लेलिंकचे अडॅप्टर मिळतात, पण त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतो. तो आयत्या वेळी टाकण्यासारखा नाही, आदल्या दिवशी टाकून ठेवा.

व्हीजीएचा हा सांधा १९८७चा. लाल, हिरवा आणि निळा हे रंग वेगवेगळ्या पिनांतून जातात, म्हणून रंग बघून पिन ओळखता येते. लाल तुटला तर पांढरी स्लाइड निळसर-हिरवी दिसते, हिरवा तुटला तर गुलाबी-जांभळी, निळा तुटला तर पिवळी. टोक काढून पिना बघा. वाकलेली पिन पातळ चिमट्याने हळूच सरळ होते, एकदाच. पुन्हा वाकवली तर तुटते. मधल्या ओळीत एक पिन नसेल तर ती तुटली असे लगेच समजू नका, ९ क्रमांकाची पिन बऱ्याच केबलमध्ये मुळातच नसते. खालच्या ओळीतल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांमधून ओळखपत्र जाते. त्या गेल्या तर चित्र येते, पण विंडोज प्रोजेक्टरला 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' म्हणते आणि योग्य रिझोल्यूशन यादीत दिसत नाही. टोकाचे दोन्ही स्क्रू फिरवून घट्ट करा, सैल टोक केबलच्या वजनाने कलते.

एचडीएमआयची साधी केबल फार लांब झाली की ठिपके उडतात किंवा चित्र येते-जाते. १० मीटरच्या पुढे मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही, तिथे सिग्नल वाढवणारी अॅक्टिव्ह किंवा ऑप्टिकल केबल हवी. या केबलवर 'सोर्स' आणि 'डिस्प्ले' अशी टोके लिहिलेली असतात आणि उलटी लावली तर ती चालत नाही. भिंतीतल्या लांब केबलचा संशय असेल तर एक छोटी केबल घेऊन लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ न्या आणि थेट लावा. मधला स्प्लिटर, स्विच, भिंतीवरचे सॉकेट, सगळे वगळा. चित्र आले तर दोष वगळलेल्या भागात आहे.

कडा कापलेल्या, पट्टे, पुसट अक्षरे

प्रत्येक प्रोजेक्टरचे एक मूळ रिझोल्यूशन असते, म्हणजे त्याच्या आतले खरे ठिपके. जुन्यांत १०२४ × ७६८, मीटिंगच्या खोल्यांत १२८० × ८००, नव्यांत १९२० × १०८० असे सर्रास आढळते. लॅपटॉप वेगळे काही पाठवतो तेव्हा प्रोजेक्टर ते ताणून किंवा आकसून बसवतो आणि त्यातच बारीक अक्षरे पुसट होतात. 'डुप्लिकेट'मध्ये लॅपटॉप दोन्ही पडद्यांना जमेल असा एक आकार शोधतो आणि तो बऱ्याचदा कोणालाच धड बसत नाही. म्हणून आधी 'एक्स्टेंड' किंवा 'फक्त दुसरा पडदा' निवडा, डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरवर क्लिक करा आणि त्याचे मूळ रिझोल्यूशन द्या. चौकोनी ४:३ पडद्यावर १६:९ची स्लाइड दाखवली तर वरखाली काळे पट्टे येणारच, तो बिघाड नाही.

'आउट ऑफ रेंज' आले तर रिझोल्यूशनसोबत रिफ्रेश रेटही (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढले जाते ते) बघा. गेमिंग लॅपटॉप १२० किंवा १४४ हर्ट्झवर चालतात आणि पुष्कळ प्रोजेक्टर ६०च्या वर जात नाहीत. 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये प्रोजेक्टरसाठी ६० निवडा. रंग धुतल्यासारखे फिके असतील तर लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमधले 'एचडीआर' बंद करा. कडा कापल्या जात असतील, खालचा टास्कबार दिसत नसेल, तर प्रोजेक्टरच्या मेनूत 'ओव्हरस्कॅन' शून्यावर आणा. व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकले असेल तर रिमोटवरचे 'ऑटो' बटण पुरते.

चार्जर लावला की पट्टे फिरतात

व्हीजीएवर आडवे पट्टे सावकाश वर किंवा खाली सरकताना दिसले तर लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर बघा. पट्टे गेले तर केबल बदलून काही होणार नाही. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर वेगवेगळ्या ठिकाणाहून वीज घेतात, दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि तो फरक केबलमधून वाहतो. दोघांनाही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काहीजण सुचवतात. तो कधीही करू नका, पट्टे जातील आणि माणसाच्या जिवाचे संरक्षणही जाईल.

फक्त व्हिडिओ काळा

पैसे भरून बघायच्या व्हिडिओ सेवा एचडीसीपी हे संरक्षण वापरतात. लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंतची प्रत्येक कडी ते पाळते का, हे आधी तपासले जाते. व्हीजीएमध्ये ही सोयच नाही, म्हणून मध्ये व्हीजीए कन्व्हर्टर आला की व्हिडिओ काळा पडू शकतो. थेट एचडीएमआय केबल लावा आणि स्प्लिटर काढा.

ड्रायव्हर

इथपर्यंत येऊनही विंडोजला दुसरा पडदा दिसतच नसेल तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'डिस्प्ले अडॅप्टर्स' बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेले असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, आणि या तात्पुरत्या ड्रायव्हरवर दुसऱ्या पडद्याची आशा करू नका. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. कालपर्यंत चालत होते आणि अपडेटनंतर बंद पडले असेल तर तिथल्या अडॅप्टरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जुना ड्रायव्हर परत आणणारे 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. हे काम कार्यक्रमाच्या आधी पंधरा मिनिटे सुरू करू नका. त्या वेळी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या लॅपटॉपवरून दाखवा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

प्रोजेक्टरच्या, लॅपटॉपच्या किंवा केबलच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर सगळे प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हा अर्थिंगचा दोष आहे. त्यात केबल काढ-घाल केली तर पोर्ट जळू शकतात, आणि माणसाला धोका आहे तो वेगळाच.

जळका वास, धूर किंवा लाल दिवा सतत लुकलुकत असेल तर प्रोजेक्टर उघडू नका. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये बहुधा पारा असलेला उच्च दाबाचा दिवा असतो. फट्ट आवाज होऊन पडदा विझला तर दिवा फुटलेला असू शकतो: माणसांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, काचा हाताने उचलू नका.

मेनूवरही रंगाचे डाग, पिवळट पट्टे किंवा पांढरे ठिपके दिसत असतील तर आतला पॅनल किंवा चिप खराब होत आहे. ते घरगुती काम नाही, आणि जुन्या प्रोजेक्टरवर तो खर्च करावा की नाही हे आधी विचारून घ्या. छताचा प्रोजेक्टर टेबलावर खुर्ची ठेवून तपासू नका. लॅपटॉपच्या पोर्टमधली जीभ तुटली असेल, पोर्ट हलत असेल, किंवा दोन चांगल्या केबल आणि दोन वेगळे पडदे वापरूनही चित्र येत नसेल तर काम मदरबोर्डपर्यंत गेले आहे.

बोलावताना फोनवर 'प्रोजेक्टर चालत नाही' एवढेच सांगू नका. पडद्यावरचा संदेश शब्दशः सांगा, मेनू स्वच्छ दिसतो का ते सांगा, कोणत्या लॅपटॉपवर आणि कोणत्या केबलवर चालले किंवा नाही ते सांगा, आणि पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा. त्यावरून येणारा माणूस केबल घेऊन यायचे, दिवा घेऊन यायचे की शिडी, हे निघण्याआधीच ठरवतो.